वरून ओतलेला सिग्नल

लहरींना जात नसते, असं परवा पुण्यात एक शहाणा माणूस मला सांगत होता. हातात कटिंग, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. म्हणाला, ते पाणवठ्याचे दिवस गेले आता. आता वायफाय आहे. वायफाय भिंतीतून आरपार जातं, गावकूस त्याला अडवत नाही. तुम्ही लोक उगाच जुनं उकरत बसता.

मी सहा वर्षं ब्रॉडबँडच्या लायनीवर काम करतो. खांबावर चढतो, फायबर जोडतो, लोकांच्या घरात राउटर बसवतो. या शहाण्यानं राउटर फक्त टेबलावर ठेवलेला बघितलाय. मी त्याला एवढंच म्हणालो, बाबा, लहरीला जात नसेल. पण लहर ज्या डब्यातून निघते तो डबा कुणाच्या तरी घरात असतो. अँटेनाचा पाईप कुणाच्या तरी सातबाऱ्यावर उभा राहतो. त्या घरात कुणी शिरायचं आणि कुणी दारातून परत फिरायचं, हे अजून लहर ठरवत नाही.

त्याला पटलं नाही. न पटो. मी हे त्याच्यासाठी लिहीत नाही, तुमच्यासाठी लिहितोय. तुम्ही म्हणजे माझ्यासारखीच पोरं. चेंबूरला, येरवड्याला, उल्हासनगरला भाड्याच्या खोलीत राहणारी, गावी आईला ठेवून आलेली, आणि पगारातून पाचशे-सहाशे रुपये बाजूला काढून गावच्या घरात नेट घेऊन देणारी. तुमच्या घरात नेट आलं की शेजारचा उद्या विचारणारच, आमच्याकडेही येईल का? तेव्हा काय करायचं, याबद्दल मला बोलायचंय. कारण मी आधी चुकलो, मग माझी आई चुकली, आणि मग आम्ही ते दुरुस्त केलं.

आमचं गाव मराठवाड्यातलं. गावाची रचना तुम्हाला सांगायला नको. मध्ये गढी, तिच्याभोवती वाडे, मग घरं, मग वेस, आणि वेशीबाहेर आम्ही. पण पुढे एक गंमत झाली. डांबरी सडक आली ती गावात शिरली नाही, गावाबाहेरून गेली, म्हणजे आमच्या दारावरून. ज्यांना बाहेर ठेवलं होतं ते सडकेच्या कडेला आले. २०२२ साली फायबर आली ती सडकेच्या कडेनंच आली. सरकारी आखणी तर मुळात ग्रामपंचायतीपर्यंतचीच होती. २०११ साली मंजूर झालेली आणि २०१५ पासून भारतनेट म्हणून ओळखली जाणारी योजना प्रत्येक ग्रामपंचायत फायबरनं जोडायची म्हणून निघाली. पंचायतीपासून घरापर्यंतचं काय, हा प्रश्न ज्याचा त्याला. आमच्याकडे एका खाजगी कंपनीची तार दारावरून गेली, मी लायनीवरचा माणूस, ओळखीनं पाळपाळून कनेक्शन घेतलं. गावाच्या इतिहासात पहिल्यांदा एखादी गोष्ट वस्तीत आधी आली आणि वाड्यांत नंतर.

आमच्या घरापासून २८० मीटरवर एक शेतवस्ती आहे. मध्ये ओढा. ओढ्यावर एक जुनी चिंच. पलीकडे तात्यांचं घर. तात्या म्हणजे वाड्यातले, पण भावाभावांत वाटण्या झाल्या आणि ते शेतात राहायला आले. आज सगळ्यात जवळचा शेजार त्यांना आमचाच. त्यांच्या शेतात विहीर आहे. त्या विहिरीवर माझी आई नवी नवरी असताना पाणी आणायला जायची. जायची म्हणजे काठापासून लांब उभी राहायची. कुणी आलं आणि त्याच्या मनात आलं तर तो वरून ओतायचा, आई खाली घागर धरायची. निम्मं पाणी घागरीत, निम्मं पदरावर. ओतणारा काही वाईट माणूस नसायचा. बरेचदा चांगला असायचा. म्हणून तर ओतायचा.

हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तात्यांची नात बारावीला. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा ती आठवी-नववीत असेल, तेव्हापासून तिचं शिक्षण मोबाईलच्या रेंजमागे पळतंय. शेतवस्तीवर रेंज नाही. पोरगी संध्याकाळी सडकेवरच्या पुलाच्या कठड्यावर येऊन बसायची. तिथे दोन कांड्या यायच्या. सीईटीचा फॉर्म, प्रश्नपत्रिका, शिकवणीचे व्हिडिओ, सगळं त्या कठड्यावर. ट्रक जायचे, दारुडे जायचे. आईनं मला फोन केला.

"लेकरू अंधारात पुलावर बसायलंय. आपल्या नेटचा पासवर्ड काय हाय तेवढं सांग."

मी म्हणालो, "कुणाचं लेकरू?"

"तात्या मालकाचं."

आई अजून त्यांना मालक म्हणते. माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, त्या घरातलं? ज्या विहिरीवर तू तासतास उभी राहायचीस, त्या घरातलं? नाही सांगत जा. बसू दे पुलावर. आम्ही नाही बसलो आयुष्यभर?

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माझं हे बोलणं बरोबर वाटेल. मलाही त्या दिवशी वाटलं होतं. त्यात एक नशा असते. शेकडो वर्षांत पहिल्यांदा नळ आपल्या हातात आलाय, तर एकदा तरी तो बंद करून बघावा. पण दोस्तांनो, त्या नशेत एक गोची आहे. नळ बंद करणारा माणूस त्याच व्यवस्थेचा वॉचमन होतो. फक्त ड्यूटी बदलते. आणि पुलावर बसलेली होती एक सतरा वर्षांची पोर. तिनं विहिरीवर कुणाला उभं केलेलं नव्हतं.

मी पासवर्ड दिला नाही तरी आईनं पुतण्याकडून घेतला आणि पोरीला सांगून टाकला. माझी आई अशीच आहे. तिला माणुसकीसाठी कुणाची परवानगी लागत नाही.

मग दिवाळीला मी गावी गेलो, आणि संध्याकाळी जे बघितलं त्यानं मला हा लेख लिहायला लावला. आमच्या घराची मागची भिंत. भिंतीत एक खिडकी. खिडकीत आईनं राउटर आणून ठेवलेला, पोरीला रेंज मिळावी म्हणून. आणि भिंतीबाहेर, पाच-सात हात अंतर ठेवून, तात्यांची नात उभी. हातात मोबाईल पुढे धरलेला. आई आतून विचारतेय, "येतंय का गं?" ती म्हणतेय, "थोडं अजून इकडं करा."

च्यायला! हीच ती विहीर. फक्त माणसांची अदलाबदल झालेली. वरून ओतणारी माझी आई, खाली घागर धरलेली ती पोर. तिच्या घरच्यांनी तिला आमच्या घरात पाऊल टाकायला मनाई केलेली, आणि आमच्या आईला वाटतंय आपण केवढं पुण्य करतोय. आईची माया खरी होती. पण मायेनं ओतलेलं पाणीसुद्धा वरूनच ओतलेलं असतं. सांडलेला सिग्नल वेचून कुणी शिकू नये. पोरगी तिच्या घरात, तिच्या टेबलावर, दिव्याखाली बसून शिकली पाहिजे. आणि त्यासाठी सिग्नल ओतून चालत नाही, जोडावा लागतो.

आता जोडणं म्हणजे काय ते सांगतो. हा भाग नीट वाचा, उद्या गावी तुम्हालाच शिडी लावायची आहे.

घरातला साधा राउटर घरासाठीच असतो. मोकळ्यावर त्याची लहर पन्नास-शंभर मीटर जाते, भिंत आली की निम्म्यात येते. माझा पुतण्या म्हणाला, काका, रिपीटर लावू. रिपीटर म्हणजे ऐकलेलं पुन्हा ओरडून सांगणारा. साधा रिपीटर एकाच रेडिओनं ऐकतो आणि त्याच रेडिओनं बोलतो, म्हणून वेग निम्मा होतो. आणि त्याला स्वतःला नीट ऐकू यायला हवं. ओढ्यापलीकडे त्याला ऐकूच येत नाही, तो काय सांगणार?

मग म्हणाला, तार ओढू. नेटची तांब्याची तार शंभर मीटरपर्यंतच चालते. पुढे ती कामाची नाही. शिवाय दोन वेगळ्या घरांमध्ये उघड्यावरून तांबं ओढायचं म्हणजे विजेला आवतन. मराठवाड्यात मृगाच्या आधी वीज कशी कोसळते, दरवर्षी किती माणसं-जनावरं जातात, ते तुम्ही जाणता. फायबर ओढली असती तर सगळ्यात उत्तम. काचेतून वीज वाहत नाही, अंतराचाही प्रश्न नाही. पण मधली पट्टी तात्यांच्या चुलतभावाची. त्यांची बांधावरून कोर्टात केस. चुलतभाऊ म्हणाला, माझ्या रानावरून यांची तार गेली तर कोयत्यानं तोडीन. बघा गंमत. सख्ख्या भाऊबंदाच्या रानावरून तार जाईना. उरली हवा.

हवा मात्र मोकळी आहे. ही मी कविता करत नाही, कायदा सांगतोय. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशात २००५ साली परवान्यातून मोकळा झाला आणि २०१८ साली ५ गिगाहर्ट्झचे पट्टे मोकळे झाले. ठरवून दिलेल्या ताकदीच्या आत राहिलात तर कुणाचा परवाना लागत नाही, कुणाला भाडं द्यावं लागत नाही. या देशात जमिनीचा कण न् कण कुणाच्या तरी नावावर आहे. आकाशातला हा एवढा तुकडा कुणाच्या सातबाऱ्यावर नाही. तो वापरा.

त्यासाठी बाहेर लावायच्या अँटेनांची जोडी मिळते. आम्हाला साडेपाच हजाराला पडली. एक आपल्या छपरावर, एक शेजाऱ्याच्या. दोघींची तोंडं एकमेकींकडे. त्या फक्त एकमेकींशी बोलतात, गावभर ओरडत नाहीत. शेजाऱ्याच्या घरात मग दुसरा छोटा राउटर, तो त्याच्या घरापुरती लहर पसरवतो. प्रत्येक अँटेनाला पाच-दहा वॅट वीज पुरते, ती त्याच नेटच्या तारेतून वर जाते. लोडशेडिंगसाठी दोन्हीकडे राउटरची छोटी बॅटरी ठेवायची.

एक गोष्ट शहरातली पोरं विसरतात. दोन अँटेनांमध्ये नुसती दोरीइतकी सरळ वाट मोकळी असून भागत नाही. लहर मध्ये फुगते. २८० मीटरच्या अंतरात मधोमध तिला चहूबाजूंनी दोन-दोन मीटर मोकळं लागतं. झाडाचा पाला, त्यातही पावसात भिजलेला पाला, तिला पिऊन टाकतो. उन्हाळ्यात बसवलं, झकास चाललं, आणि ऑक्टोबरात ऊस डोक्याच्या वर गेला की बंद पडलं, असं मी पाहिलंय. आम्हाला चिंच आडवी येत होती. चिंच तोडायची नव्हती. वीस फुटी लोखंडी पाईप घेतला, दोन्हीकडे उंच केला, तीन बाजूंनी तारेचे ताण दिले, खाली अर्थिंग केलं. तार घरात घेताना तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तारेवरून ओघळून आत शिरत नाही. वीज चमकायला लागली की दोन्हीकडचा प्लग काढायचा.

झालं यंत्राचं. आता माणसांचं.

दोन छपरं लागतात, हे मी वर सहज लिहून गेलो. पण सगळी गोष्ट त्यातच आहे. ओतायला एकच घर पुरतं. जोडायला दोन्ही घरांना वर चढू द्यावं लागतं.

मी तात्यांना निरोप धाडला. पोरीला भिंतीशी उभं करू नका. तुमच्या घरात नेट येईल. अटी चार. सामानाचे पैसे निम्मे-निम्मे. महिन्याचं बिल ५९० रुपये, त्यातले २९५ तुमचे, वहीवर लिहून. राउटर घराच्या मधोमध बसेल. आणि बसवायला मी आणि माझा पुतण्या येणार.

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी या म्हणाले.

गेलो. तात्यांनी शिडी बाहेरून लावून ठेवलेली. घराला आतून जिना आहे, आमच्या अंगणातून दिसतो. पण शिडी बाहेरून. मी काही बोललो नाही. पुतण्या वर चढला, पाईप उभा केला, तार खाली सोडली. मग मी म्हणालो, "तात्या, आता आत यावं लागेल."

ते म्हणाले, "इथं पडवीतच बसव की. पडवीत प्लग आहे."

मी म्हणालो, "पडवीत बसवला तर पोरीनं पडवीत बसायचं. लहर माजघराच्या दगडी भिंतीतून जाणार नाही."

ही खोटी सबब नव्हती. दीड फुटाची दगडी भिंत खरोखरच लहर खाऊन टाकते. पहिल्यांदाच पदार्थविज्ञान आमच्या बाजूनं उभं राहिलं होतं. आतून म्हातारीचा आवाज आला, "आत कशाला?" तात्या जमिनीकडे बघत राहिले. मी पिशवीची चेन लावायला घेतली. आत नाही तर नाही. रागानं नव्हे. माझं कामच ते, जागा नसेल तर तंत्रज्ञ परत जातो.

तेवढ्यात ती पोरगी माजघराच्या दारात आली आणि म्हणाली, "काका, इकडून या."

बस्स. एवढंच झालं. कुणी भाषण केलं नाही. आम्ही आत गेलो, देवळीच्या वर खिळा ठोकला, राउटर टांगला. चहा आला. कप कोणते होते ते मी बघितलं. ही सवय आपल्या डोळ्यांतून जात नाही, जाऊही नये. स्टीलचे होते, सगळ्यांना सारखे.

आता तुम्ही टाळ्या वाजवू नका. एक अँटेना बसली म्हणून जात गेली नाही. पुढच्या वैशाखात तात्यांच्या पुतण्याचं लग्न झालं, मांडवाचे दिवे आमच्या अंगणातून दिसत होते. आम्हाला आवतन नव्हतं. पण रात्री फोन आला, "भाऊ, नेट गेलंय बघ जरा." रेंज गेली की भाऊ. मी फोनवर हसलो आणि म्हणालो, तात्या, तुमच्या मांडववाल्यानं प्लग काढला असेल. तसंच निघालं.

मी हे सगळं प्रेमाचं म्हणून सांगत नाही. हिशेबाचं म्हणून सांगतोय. वहीवर २९५ रुपये लिहिलेले असतात तेव्हा माणूस उपकाराच्या ओझ्याखाली वाकत नाही आणि उपकार करणारा छाती फुगवून फिरत नाही. दानाला दाता लागतो आणि याचक लागतो. वाट्याला दोन भागीदार लागतात. आपल्या लोकांनी फुकट दिलं तर चार दिवसांत गाव म्हणेल, ते देतच असतात, त्यांचं कामच ते. येसकरकीसुद्धा अशीच कधीतरी 'कामच ते' झाली होती.

नावाचंही सांगतो. आमच्या वायफायचं नाव 'जयभीम'. पोरगी भिंतीशी उभी राहायची तेव्हा तिच्या मोबाईलवर तेच नाव यायचं. तात्यांनी जाता जाता हळूच विचारलं, "ते नाव बदलता येतं का रे?" मी म्हणालो, "तुमच्या घरातल्या डब्याचं नाव तुम्ही ठेवा. आमच्या घरातल्या डब्याचं नाव आम्ही ठेवलंय." त्यांनी त्यांच्या कुलदैवताचं ठेवलं. ठेवू देत. त्या देवाचं नेट येतं मात्र 'जयभीम'मधूनच, हे दोन्ही घरांना माहीत आहे.

आता धोक्याचं. हे टाळून चालणार नाही. कनेक्शन तुमच्या नावावर आहे, म्हणजे पलीकडच्या घरातून जे जे जाईल ते तुमच्या नावानं जाईल. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी थोडा वेळ एक धमकीची ईमेल गेली होती. माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या एका घरापर्यंत आले. त्या घराचं वायफाय उघडं होतं, कुणीतरी बाहेरून वापरलेलं. राहणाऱ्याला चौकशीला तोंड द्यावं लागलं. तो परदेशी साहेब होता, तरी. तुमच्या वस्तीत पोलीस आले तर कसे येतील, ते मी सांगायला नको. गावात एखाद्या स्टेटसवरून दंगल पेटायला वेळ लागत नाही, आणि तो स्टेटस तात्यांच्या घरातल्या एखाद्या पोरानं टाकलेला असला तरी दार आधी आपलं वाजेल.

म्हणून पासवर्ड वेगळे ठेवा. शेजारी जोडायचा तो वेगळ्या जाळ्यावर, आपल्या घरातले मोबाईल-कॉम्प्युटर त्याला दिसता कामा नयेत. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळी सोय असते, ती वापरा. कोणतं यंत्र कधीपासून जोडलंय याची नोंद वहीत ठेवा. आणि कंपनीच्या करारातली बारीक अक्षरं वाचा. बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की कनेक्शन त्या घरापुरतं, पुढे विकायचं नाही. आम्ही आधी विचारलं, लेखी घेतलं, नफ्याचा एक पैसा ठेवला नाही. तुम्हाला वस्तीत नेट विकायचंच असेल तर चोरून विकू नका. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात पानटपरीवालासुद्धा परवाना न काढता सार्वजनिक वायफायचं दुकान चालवू शकतो. आपल्या वस्तीतल्या बेकार पोरांनी ती वाट चाचपून बघावी.

आता शेवटचं, आणि ते आपल्यातल्या हुशारांसाठी. कुणीतरी लगेच म्हणेल, हे तर नवं चवदार तळं! थांबा. महाडचं तळं सार्वजनिक होतं. १९२३ साली बोले ठरावानं सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले केले, महाड नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि तरीही पाणी पिता येईना म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले. कुणाच्या घरची घागर मागायला गेले नव्हते. हक्क बजावायला गेले होते. त्यापुढे हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. माझा राउटर म्हणजे तळं नव्हे. तो माझ्या घरातला हंडा आहे. हंडा वाटून घेणं ही शेजाऱ्याशी असलेली गोष्ट. तळं मागणं ही सरकारशी असलेली गोष्ट. या दोन गोष्टींची खिचडी करू नका. आपण हंडे वाटत बसलो तर सरकार म्हणेल, बघा, लोकांनी आपसांत सोडवलं. नाही. २०१९ साली केरळच्या हायकोर्टानं, वसतिगृहातल्या एका मुलीच्या मोबाईलवरच्या बंदीच्या प्रकरणात, इंटरनेट हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं इंटरनेटवरून बोलण्याच्या स्वातंत्र्याला घटनेचं संरक्षण असल्याचं सांगितलं. हे कागद हातात घ्या आणि ग्रामसभेत उभे राहा. पंचायतीपर्यंत आलेली फायबर शेवटच्या घरापर्यंत कधी येणार, ते विचारा. वस्तीच्या, शेतवस्तीच्या, पारधी तांड्याच्या, सगळ्यांच्या नावानं विचारा.

तोवर हंडे जोडा. स्पेनमधल्या कातालोनियात २००४ साली खेड्यांतल्या लोकांनी हेच केलं. कंपन्या शेतातल्या घरांपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी छपराला छप्पर जोडलं. गुईफी नावाचं ते जाळं आज तीस हजारांवर ठिकाणी पसरलंय. नियम साधा. जो जोडला जातो त्यानं पुढच्याला जोडू द्यायचं. ही अट मला फार आवडली. आम्ही ती पाचवी अट म्हणून वहीत लिहिली. तात्यांच्या छपरावरून आता पलीकडच्या धनगरवाड्यातली दोन घरं दिसतात. तात्या आधी कुरकुरले. मग पुतण्याच परवा त्यांच्या छपरावर गेला.

आतल्या जिन्यानं गेला.

तेव्हा पोरांनो, पुढच्या खेपेला गावी जाताना खाऊबरोबर एक अँटेनाची जोडी घेऊन जा. मागायला आलेल्याला हाकलू नका, आणि खिडकीतून ओतूही नका. वही काढा, निम्मं लिहा, आणि सांगा, शिडी आतून लाव.